मुंबईची झोप उडवणारा रमण राघव पोलिसांना इतके दिवस का सापडत नव्हता?

खून झाला की पोलीस आधी कारण शोधतात. जुनं भांडण, पैसा, जमीन, प्रेमप्रकरण. कारण सापडलं की माणूसही सापडतो. पण कारणच नसेल तर?

१९६० च्या दशकात मुंबई पोलिसांपुढे नेमका हाच पेच होता.

१९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरात रेल्वे लाइनच्या कडेला झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या लोकांवर रात्री हल्ले होऊ लागले. डोक्यात जड हत्याराचा घाव, तोही झोपेत. ना ओळख, ना वैर. मरणाऱ्यांच्या घरात चोरण्यासारखंही फारसं काही नव्हतं. तेव्हा पोलिसांनी एका संशयिताला पकडलं. नाव रमण राघव. दरोड्यात शिक्षा भोगून आलेला. पण पुरावा नव्हता, त्यामुळे त्याला सोडावं लागलं.

१९६८ मध्ये पुन्हा तेच सुरू झालं. दाराला धड कडीही नसलेल्या वस्त्यांमध्ये लोक रात्र रात्र जागून पहारा देऊ लागले. तपासाची सूत्रं आता क्राइम ब्रँचचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती.

जुनं रेकॉर्ड कामाला आलं

रमण राघव एका नावाने राहत नव्हता. सिंधी दलवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशी त्याची अनेक नावं होती. पण पोलिसांकडे त्याचा फोटो आणि बोटांचे ठसे होते. २७ ऑगस्ट १९६८ ला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला रस्त्यात ओळखलं आणि ताब्यात घेतलं. ठसे जुळले. नावं बदलता आली, ठसे नाही.

पण गडी बोलेचना. शेवटी काय हवं विचारल्यावर त्याने चिकन मागितलं. ते खाल्लं, मग तेल, कंगवा आणि आरसा मागितला आणि त्यानंतर बोलू लागला. लपवलेलं हत्यारही त्याने दाखवलं. ४१ खुनांची कबुली दिली.

मग फाशी का झाली नाही?

कनिष्ठ कोर्टाने फाशीच सुनावली होती. त्याने अपीलही केलं नाही. पण हायकोर्टाने तीन मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. त्याला बरा न होणारा गंभीर मानसिक आजार असल्याचं पुढे आलं आणि फाशीची जन्मठेप झाली.

इथे एक गल्लत होते. आजार असला म्हणून माणूस निर्दोष सुटत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ नुसार, गुन्हा करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे समजण्याची कुवतच नव्हती, हे सिद्ध व्हावं लागायचं. रमण राघव दोषीच ठरला, फक्त शिक्षा बदलली. येरवड्यात कैदेत असताना १९९५ मध्ये पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये तो किडनी निकामी होऊन गेला.

त्याच्या नावाने पुढे सिनेमे आले, त्याचं नाव आजही घेतलं जातं. ज्यांना तो मारत गेला त्यांची मात्र नावं कुणाला आठवत नाहीत. दिवसभर राबून उघड्यावर झोपलेली ही माणसं गोष्टीत फक्त एक आकडा होऊन उरली.