राऊटरची खबर वाटेत कुठे हरवते?
केळीच्या चेंबरवाल्यांपासून लूमवाल्यांपर्यंत सर्वांनी समजून घ्यावी अशी उकल

खानदेशातील व्यापार एकेकाळी तार, टपाल आणि ट्रंककॉलवर चालत असे. आज जळगावच्या पेढीवरून निघणारे ई-वे बिल असो, धुळ्याच्या कारखान्यातील कॅमेरे असोत, की दुकानाच्या गल्ल्यावरील क्यूआरचे पैसे असोत, सारा कारभार राऊटर नावाच्या एका लहानशा डबीतून जातो. ही डबी बंद पडली तर आपल्याला तात्काळ कळावे म्हणून अनेक व्यापारी बंधूंनी तिच्यावर देखरेख करणारी व्यवस्था बसवून घेतली आहे. लाइन तुटली की मोबाईलवर इशारा यावा, अशी ती योजना. परंतु लाइन तुटते आणि इशारा येतच नाही, अशी तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

एक उदाहरण समोर ठेवू. समजा, आपल्यापैकी एका बंधूचे सावदा-रावेर भागात केळी पिकवण्याचे चेंबर आहे आणि गादी जळगावला आहे. चेंबरमध्ये इथिलीन वायू देऊन केळी साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअसला पिकवतात. फळ पिकताना स्वतःही उष्णता सोडते, म्हणून थंडावा देणारे यंत्र थांबले की चेंबर थोड्याच वेळात तापू लागते. आता एका रात्री दीड वाजता यंत्र थांबले आणि त्याच सुमारास इंटरनेटची लाइनही गेली. मोबाईल शांत राहिला. फज्रच्या नमाजनंतर चेंबर उघडले, तेव्हा माल हातचा गेलेला होता. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण एका रात्रीत उकडलेल्या केळीला ते नाव वाचवू शकत नाही. शिवाय त्या मालात शेतकऱ्याचा घाम असतो आणि पुढच्या व्यापाऱ्याला दिलेला शब्दही असतो.

अशा वेळी बहुतेक जण राऊटरला दोष देऊन नवा राऊटर आणतात. खर्च होतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो. कारण खबर राऊटरपाशीच अडली होती, हे कोणी तपासलेलेच नसते.

खबर कशी जाते?

राऊटरची देखरेख दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात देखरेखीचा संगणक दर काही मिनिटांनी राऊटरला विचारतो, "ठीक आहेस ना?" आणि राऊटर उत्तर देतो. दुसऱ्या प्रकारात काही घडले की राऊटर स्वतःहून निरोप पाठवतो. या निरोपाला 'ट्रॅप' म्हणतात. दोन्ही प्रकार १९८८ पासून चालत आलेल्या एसएनएमपी या एकाच पद्धतीचे आहेत. विचारणा १६१ क्रमांकाच्या पोर्टवर होते आणि ट्रॅप १६२ क्रमांकाच्या पोर्टवर येतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ट्रॅप हे साध्या पोस्टकार्डासारखे आहे. ते पेटीत टाकले की पाठवणाऱ्याचे काम संपले. पोहोचले की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. पोचपावती हवी असेल तर एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून 'इन्फॉर्म' नावाचा निरोप उपलब्ध आहे. त्यात पावती आली नाही तर राऊटर निरोप पुन्हा पाठवतो. आपल्या राऊटरमध्ये ही सोय असेल तर तीच वापरावी.

निरोपाच्या वाटेवर चार मुक्काम असतात. राऊटरला घटना कळणे, राऊटरने निरोप पाठवणे, संगणकाने तो स्वीकारणे आणि संगणकाने तो आपल्या मोबाईलपर्यंत नेणे. तपास याच क्रमाने करावा.

पहिला मुक्काम : राऊटरला कळले का?

राऊटरची एखादी न लागणारी केबल काढून पाहावी आणि राऊटरच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे 'लॉग'मध्ये, ती घटना उतरली का ते पाहावे. नोंदच नसेल तर पुढे शोधण्यात अर्थ नाही.

फायबरच्या लाइनवर एक फसवणूक हमखास होते. बाहेरची फायबर आपल्याकडे आधी एका लहान पेटीत येते आणि त्या पेटीतून केबलने राऊटरला जोडलेली असते. रस्त्याच्या खोदाईत बाहेरची फायबर तुटली तरी पेटी आणि राऊटर यांच्यातील केबल शाबूत असते, दिवाही लागलेला असतो. राऊटरच्या दृष्टीने काहीच तुटलेले नसते, मग त्याने कसली खबर द्यावी? यावर उपाय असा की, राऊटरला किंवा संगणकाला दर मिनिटाला बाहेरच्या एखाद्या भरवशाच्या पत्त्यावर 'पिंग' करायला सांगावे आणि लागोपाठ तीन-चार वेळा उत्तर आले नाही की इशारा द्यावा.

दुसरी अडचण विजेची. वीज गेली तर राऊटर स्वतःच्या बंद पडण्याची खबर देऊ शकत नाही. वीज परतल्यावर तो 'मी नव्याने सुरू झालो' असा ट्रॅप पाठवतो खरा, पण पुष्कळदा लाइन पुरती जुळण्याआधीच तो निघतो आणि वाटेतच विरून जातो. म्हणून राऊटर आणि फायबरची पेटी, दोन्ही छोट्या यूपीएसवर असावीत. एकच यूपीएसवर ठेवून दुसरी उघडी ठेवणे व्यर्थ आहे.

दुसरा मुक्काम : राऊटरने पाठवले का?

लॉगमध्ये नोंद आहे, पण निरोप नाही, तर राऊटरची मांडणी तपासावी. सिस्को जातीच्या राऊटरमध्ये निरोप कोणाला पाठवायचा हा एक हुकूम असतो आणि निरोप पाठवणे चालू करायचे हा दुसरा. पहिला देऊन दुसरा विसरला तर राऊटर गप्प बसतो.

त्यानंतर पत्ता पाहावा. देखरेखीच्या संगणकाचा पत्ता आपोआप मिळणारा असेल तर एखाद्या सकाळी तो बदलतो आणि राऊटर जुन्याच पत्त्यावर पोस्टकार्डे टाकत राहतो. म्हणून त्या संगणकाचा पत्ता कायमचा बांधून द्यावा. धुळ्याचा राऊटर जळगावच्या संगणकाला इंटरनेटवरून खबर देत असेल तर आणखी एक अडसर आहे. ब्रॉडबँडच्या अनेक जोडण्यांना स्वतंत्र जाहीर पत्ता मिळतच नाही, त्यामुळे बाहेरून त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही. अशा ठिकाणी दोन्ही गावे व्हीपीएनने जोडून घ्यावीत. १६१ चा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकणे म्हणजे दुकानाला कुलूप न लावता घरी जाणे होय. 'पब्लिक' हा राऊटरसोबत आलेला परवलीचा शब्दही पहिल्याच दिवशी बदलावा. हा शब्द राऊटर आणि संगणक, दोन्हीकडे अक्षरशः सारखा असला पाहिजे; इंग्रजी लहान-मोठ्या अक्षराचा फरकही चालत नाही.

तिसरा मुक्काम : संगणकाने स्वीकारले का?

संगणकावरील फायरवॉल १६२ क्रमांकाचा यूडीपी पोर्ट अडवत असेल तर निरोप दारातून परत जातो आणि कोणालाच पत्ता लागत नाही. 'पिंग तर जातो आहे' असे म्हणून समाधान मानू नये. पिंग जाणे आणि १६२ चे दार उघडे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे वायरशार्क हा मोफत प्रोग्राम फार कामाला येतो. तो संगणकात शिरणारा प्रत्येक निरोप दाखवतो. केबल काढून पाहावी. वायरशार्कमध्ये ट्रॅप दिसला, पण देखरेखीच्या प्रोग्राममध्ये नाही, तर दोष या संगणकातच आहे. वायरशार्कमध्येही दिसला नाही, तर दोष त्याच्या अलीकडे, राऊटरकडे किंवा वाटेत आहे. एका तपासणीत अर्धे रान मोकळे होते.

कधी कधी राऊटरला दोन-तीन पत्ते असतात. प्रोग्राम त्याला एका पत्त्याने ओळखतो आणि ट्रॅप दुसऱ्या पत्त्यावरून येतो. मग प्रोग्राम त्याला अनोळखी समजून टाकून देतो. ट्रॅप कोणत्या पत्त्यावरून जावा, हे राऊटरमध्ये ठरवून द्यावे.

चौथा मुक्काम : मोबाईलपर्यंत पोहोचले का?

आमच्या अनुभवात बरीच खबर याच शेवटच्या टप्प्यात हरवते. इशारा ई-मेलने येत असेल आणि तो जीमेलमार्फत जात असेल, तर केवळ पासवर्डने प्रवेश देण्याची जुनी सोय गूगलने ३० मे २०२२ पासून काढून घेतली. आता दोन टप्प्यांची ओळख चालू करून १६ अक्षरांचा वेगळा अॅप पासवर्ड घ्यावा लागतो. जुनी मांडणी तशीच ठेवलेली अनेक यंत्रे तेव्हापासून मुकी झाली, आणि मालकांना ते नुकसान झाल्यावरच कळले.

इशारा कंपनीमार्फत एसएमएसने येत असेल, तर २०२१ पासून व्यापारी संदेशांचा मजकूर डीएलटी व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो. नोंदलेल्या मजकुरात एखादा शब्द जरी बदलला, तरी संदेश अडू शकतो. सिमकार्डाच्या मोडेमने एसएमएस जात असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. सिमचा रिचार्ज संपलेला नाही ना, आणि मोडेम जुना टूजी असून सिम जिओचे तर नाही ना. जिओचे जाळे सुरुवातीपासूनच फोरजीचे आहे. टूजी मोडेम त्यावर चालत नाही.

आणि सर्वात मोठी चूक! लाइन तुटल्याची खबर त्याच तुटलेल्या लाइनने पाठवणे. पूल वाहून गेल्याची बातमी त्याच पुलावरून कशी येणार? संगणक दुकानातच असेल तर त्याला दुसरी वाट हवीच, मग ती फोरजी डोंगलची का असेना. ज्यांचा कारभार दोन्ही गावांत आहे त्यांच्यासाठी याहून सोपा मार्ग आहे. धुळ्याच्या राऊटरवर जळगावचा संगणक नजर ठेवील आणि जळगावच्या राऊटरवर धुळ्याचा. सुमारे ९० किलोमीटरवरचे दोन भाऊ एकमेकांची चौकशी करतील, तर एक गप्प झाला की दुसऱ्याला लगेच कळेल.

शांततेवर विसंबू नये

खबर न येण्याचे दोन अर्थ होतात. एक, सर्व ठीक आहे. दोन, खबर देणाराच पडला आहे. नुसत्या ट्रॅपवर अवलंबून राहणाऱ्याला या दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून ट्रॅपच्या जोडीला दर पाच मिनिटांची विचारणाही ठेवावी. तसेच रोज ठरलेल्या वेळी, समजा इशाच्या नमाजनंतर, 'सर्व ठीक' असा एक संदेश यावा अशी मांडणी करावी. ज्या दिवशी तो आला नाही, त्या दिवशी त्याचे न येणे हाच इशारा समजावा.

उलट बाजूने, क्षुल्लक गोष्टींचे इशारे बंद करावेत. रात्रंदिवस मोबाईल वाजत राहिला की माणूस तो आवाज बंद करतो, आणि मग खरी खबर त्याच गर्दीत दबून जाते.

शेवटी एक सवय सुचवतो. ज्यांचे कारखाने जुम्याला बंद असतात त्यांनी गुरुवारी संध्याकाळी, आणि इतरांनी आठवड्यातून सोयीच्या एखाद्या दिवशी, मुद्दाम केबल काढून इशारा मोबाईलवर किती वेळात येतो ते पाहावे आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि मुकादमही ते करू शकतो. वहीत गेल्या आठवड्यापर्यंत नोंद असेल तर बिघाड कधी झाला याचाही माग लागतो.

उंटाला आधी बांधावे आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सर्व जाणतो. यंत्र बसवले म्हणजे उंट बांधला गेला असे नाही. गाठ पक्की आहे की नाही, हे ओढून पाहावे लागते. आपल्या चेंबरमध्ये किंवा लूमवर दुसऱ्याचा माल असतो, तेव्हा तो अमानत असतो. तिची राखण करणाऱ्याने आपला पहारेकरी जागा आहे की झोपला, याची खात्री दर आठवड्याला करून घ्यावी.