रोजा झेपत नाही, तेव्हाचा रमजान

रमजानमध्ये पहाटे घरात सगळ्यांत आधी जाग येते ती बहुधा वडीलधाऱ्यांना. सुना-मुलांना सहरीसाठी उठवायचे, फजरच्या अजानला किती मिनिटे उरली ते सांगायचे, नातवाला 'अजून घोटभर पाणी पी' म्हणून बजावायचे, हे त्यांचेच काम. पण अनेक घरांत एक दिवस असा येतो, की सगळ्यांना उठवणाऱ्या या माणसालाच रोजा ठेवता येत नाही. इन्सुलिन सुरू झालेले असते, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे दुखणे मागे लागलेले असते. डॉक्टर सांगतात, 'आता रोजे नकोत.' लहानपणापासून न चुकलेला नेम एका वाक्यात थांबतो.

हे दुःख फक्त मुस्लिम घरातले नाही. जन्मभर एकादशी करणाऱ्या शेजारच्या आजींना डॉक्टरांनी उपवास बंद करायला लावला, की त्याही अशाच हिरमुसतात. रोजा नसलेली दादी दुपारी स्वयंपाकघराचे दार लोटून, कोणी पाहत नाही ना याची खात्री करून दोन घास खाते. सगळे घर उपाशी आणि आपणच तेवढे खातो, ही बोच तिला जेवू देत नाही. काही जण तर सहरीला मधुमेहाची गोळी घेऊन, कोणाला न सांगता रोजा ठेवतात. मग दुपारनंतर साखर उतरते, दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात आणि इफ्तारच्या आधी दवाखाना गाठावा लागतो.

धर्माची अपेक्षा मात्र अशी नाही. कुरआनच्या सूरह बकरहमध्ये 183 ते 185 या आयतींत रोजाचा आदेश आहे आणि तिथेच सवलतही आहे. आजारी आणि प्रवासी यांनी सुटलेले रोजे नंतर पूर्ण करावेत. वार्धक्यामुळे किंवा बरे न होणाऱ्या दुखण्यामुळे ज्यांना पुढेही ते शक्य नाही, त्यांनी प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालावे. यालाच फिदिया म्हणतात. अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, असा याच आयतींचा आशय आहे, आणि शेवट होतो तो कृतज्ञतेवर. म्हणजे मिळालेली सवलत आनंदाने स्वीकारणे हाही शुक्रच आहे.

फिदियाचा हिशेब साधा आहे. देशावरचे बहुतेक मुस्लिम हनफी मताचे. त्यांच्याकडे एका रोजामागे साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत देतात. कोकणात शाफई मत चालते. तिथे एक मुद्द, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास तांदूळ देण्याची रीत आहे. दरवर्षीची रक्कम मशिदीत किंवा मदरशात कळते. रोजच्या रोज दिले तरी चालते, एकदम दिले तरी चालते. ज्याची ऐपतच नाही, त्याने अल्लाहकडे क्षमा मागावी. त्याच्यावर ओझे नाही.

याचे जुने उदाहरण हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांचे आहे. लहानपणी 10 वर्षे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची सेवा केली होती. पुढे बसरा शहरात त्यांना दीर्घ आयुष्य लाभले. म्हातारपणी रोजे झेपेनासे झाले, तेव्हा ते गरिबांना भाकरी आणि मांस खाऊ घालत. एका वर्षी त्यांनी सरीद, म्हणजे रश्शात कुस्करलेली भाकरी, मोठ्या भांड्यात करवून 30 गरिबांना बोलावून जेवू घातल्याची नोंद आहे. ज्यांनी स्वतः प्रेषितांबरोबर रोजे ठेवले, त्यांनीही वय झाल्यावर ही सवलत घेतली. मग आजच्या दादा-दादींनी कमीपणा का मानावा?

इथे घरच्यांचेही काही काम आहे. आजकाल मुलगा मोबाइलवरून फिदियाची रक्कम पाठवून मोकळा होतो आणि 'अम्मी, तुमचे झाले बरे का' एवढेच कळवतो. रक्कम पोहोचते, पण ही इबादत अम्मीची आहे, तिचा हात तिला लागायला हवा. कोणाला द्यायचे ते तिला विचारावे. गल्लीतली कोणती विधवा हात पसरत नाही पण चूल कशीबशी पेटवते, कोणत्या हमालाच्या घरी यंदा आजारपण आहे, हे तिलाच जास्त ठाऊक असते. धान्याची पिशवी तिच्या हाताने जाऊ द्यावी. आणि दुपारी तिच्यासमोर ताट ठेवून घरातल्या कोणीतरी रोजात असतानाच तिच्याजवळ बसावे, म्हणजे दार लोटायची गरज उरणार नाही.

देण्यासारखे आणखीही पुष्कळ वडीलधाऱ्यांजवळ असते. चांद्रवर्षामुळे रमजान दरसाल 10-11 दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2000 साली तो डिसेंबरच्या थंडीत होता, 2016 साली जूनमध्ये. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने असे दोन फेरे पाहिलेले असतात. नातवाच्या पहिल्या रोजाला, त्याच्या रोजाकुशाईच्या दिवशी, दुपारी चारला घसा कोरडा पडला की धीर कसा धरायचा, हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगणार?

जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशी प्रेषितांची शिकवण आहे. ज्या हातांनी इतकी वर्षे घराला सहरीसाठी उठवले, त्यांचे आभार मानायला ईदची वाट पाहायला नको. आज संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानावर पहिला खजूर त्यांच्या हातून घ्यावा. आणि शेजारी जाणारे फळांचे, भज्यांचे ताटही त्यांनाच झाकायला सांगावे. कोणाच्या घरी काय आवडते, हे त्यांना पाठ असते.