राखणदाराची लचक

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात लोणी-धामणीचा जिरायती पट्टा आहे. पिकं निघाली की मोकळ्या रानात मेंढरं बसतात आणि मेंढपाळांच्या वाड्याची रात्रीची राखण कुत्र्यांवर येते. घोड नदीकाठचा ऊस फार लांब नाही, म्हणून बिबट्याही लांब नाही. काही कुत्र्यांच्या गळ्यात त्यासाठीच खिळ्यांचा पट्टा असतो. त्या पट्ट्याने मान वाचते, पाय नाही. अंधारात चाहूल लागली की कुत्रा बसल्या जागेवरून झेपावतो, बांधावरून उडी टाकतो, ढेकळांत त्याचा पाय सरकतो आणि सकाळी तो तीन पायांवर उभा दिसतो.

स्नायू आकुंचन पावत असतानाच उलट्या दिशेने खेचला गेला तर त्याचे तंतू तुटू शकतात. सांध्याचे बंध दुखावले तर ती इजा वेगळी, पण बोलताना दोन्हींना लचकच म्हणतात. धावणाऱ्या कुत्र्याच्या खांद्याला, मांडीच्या आतल्या बाजूला आणि कंबरेच्या मणक्यांपासून जांघेत उतरणाऱ्या स्नायूला हा धोका जास्त. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, फाटलेला स्नायू दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी लागते.

कोणता पाय दुखतोय हे ओळखायची खूण साधी आहे. कुत्र्याला सपाट जागेवर सावकाश चालवावं. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर उचललं जातं, चांगल्या पायावर ते खाली येतं. मग आधी धडधाकट पाय चाचपावा, नंतर दुखरा. गरमपणा, सूज, दाबताच आखडणारं अंग बोटांना कळतं. दुखण्याने मायेचा कुत्राही चावतो, तेव्हा तोंडाला मऊ फडकं सैलसर बांधावं. त्याला धाप किंवा उलटी होत असेल तर मात्र बांधू नये. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून रेबीजच्या लसीसाठी लगेच दवाखाना गाठावा.

पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. कोमट शेक त्यानंतर. बिब्बा लावल्याने किंवा डाग दिल्याने कातडी जळते, आतला स्नायू जुळत नाही. माणसाची आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारखी गोळी तर देऊच नये, तिने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पाय अजिबात टेकत नसेल, वाकडा दिसत असेल किंवा दोन दिवसांत फरक नसेल तर पशुवैद्यकाकडेच न्यावं.

खरी फसगत पुढे होते. आठवडाभरात लंगडणं कमी होतं, कुत्रा शेपटी हलवत मेंढरांमागे निघतो आणि कोवळे तंतू पुन्हा फाटतात. शिकारी आणि राखणीच्या कुत्र्यांमध्ये खांद्याच्या एका स्नायूची इजा अशीच बरी झाल्यासारखी वाटते. काही आठवड्यांनी तो स्नायू चिवट दोरीसारखा आखडतो आणि चालताना पुढचा पाय बाहेरून गोल फिरू लागतो. तोवर वेळ गेलेली असते, उपाय उरतो तो शस्त्रक्रियेचा.

रोज चालणाऱ्या वाड्यात विश्रांती देणं अवघड, हे खरं. तरी मेंढरं चरायला गेली की त्याला बिऱ्हाडाशी सावलीत बांधता येतं आणि मुक्काम हलताना कोकरांबरोबर टेम्पोत बसवता येतं. लचक साधी असली तरी तीन-चार आठवडे धावणं बंद. सुरुवातीला दोरी धरून पाच मिनिटांचं चालणं, मग दर काही दिवसांनी थोडं वाढवत न्यायचं. बांधावरच्या उड्या सगळ्यात शेवटी.