थेंबाचे फोटो आणि डिलीटचं बटण

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यावर गेला असाल, तर बोरी नदीवरच्या बांधावरून कोसळणारे नर-मादी धबधबे तुम्ही पाहिले असतील. बांधाच्या पोटात पाणीमहाल आणि दोन्ही अंगांनी फेसाळतं पाणी! मोबाइलमध्ये फोटोही काढला असेल. ढगाळ संध्याकाळी काढलेला एखादा फोटो आता मोठा करून बघा. पाणी पांढऱ्या दोऱ्यांसारखं, पिंजलेल्या कापसासारखं दिसतं. प्रत्यक्षात तिथे दोरे नसतात. तिथे थेंब असतात, पाण्याचे फाटलेले तुकडे असतात. सेकंदाला 10 मीटर वेगाने पडणारा थेंब 1/100 सेकंदात 10 सेंटीमीटर खाली येतो. तेवढ्या वेळात कॅमेऱ्याचं शटर उघडं राहिलं, तर फोटोत थेंब येत नाही, त्याने कापलेली वाट येते.

माझ्या पीएच.डी.चं काम थेंब आणि काळी माती यांच्यावर आहे. पावसाचा थेंब उघड्या रानावर आदळतो तेव्हा माती कशी आणि किती उडते, हा प्रश्न. धाराशिवकडे हा प्रश्न समजावून सांगायला लॅब लागत नाही. पहिला मोठा पाऊस झाला की घराच्या चुना लावलेल्या भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग बघा, मातीच्या शिंतोड्यांनी रंगलेला असतो. सोयाबीनची खालची पानंही तशीच बरबटलेली असतात. ती माती वाहत आलेली नाही, उडत आलेली आहे. थेंबाने केलेल्या मातीच्या धुपीवर 1944 मध्ये एलिसन या अमेरिकी संशोधकाचे लेख आले आणि तेव्हापासून हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला.

माती उडताना बघायची तर थेंबाचा जवळून आणि अतिशय कमी वेळात फोटो घ्यावा लागतो. ते कसं करतात हे आज सांगतो. आणि त्यात माझी एक मोठी चूक झाली, तीही सांगतो. कारण तुम्ही संशोधनात कुठल्याही विषयात गेलात तरी ती चूक तुमची वाट बघत असणार आहे.

आधी गणित, मग कॅमेरा

कॅमेरा हातात घेण्याआधी एक कागद घ्या. थेंब 30 सेंटीमीटरवरून सोडला, तर खाली पोचताना त्याचा वेग बारावीच्या सूत्रानेच निघतो. 2 गुणिले 9.8 गुणिले 0.3, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं सेकंदाला साधारण 2.4 मीटर.

आता शटर 1/200 सेकंद ठेवलं, तर तेवढ्यात थेंब 12 मिलिमीटर सरकतो. थेंबच 3 मिलिमीटरचा, म्हणजे फोटोत नुसती रेघ. शटर 1/4000 केलं तरी तो 0.6 मिलिमीटर सरकतो. कडा पुसटच राहतात. मग थेंब थांबवायचा कसा?

उत्तर आहे फ्लॅश. साध्या कॅमेऱ्यावर लावायचा फ्लॅश पूर्ण ताकदीने उडवला, तर तो अंदाजे 1/1000 सेकंद चमकतो. ताकद कमी केली, की प्रकाश नुसता मंद होत नाही, तो लवकर विझतो. अगदी कमी ताकदीला चमक 1/20000 ते 1/30000 सेकंदांपर्यंत खाली येते. 1/30000 सेकंदात आपला थेंब सरकतो 0.08 मिलिमीटर. हे चालतं.

म्हणून खोलीत पूर्ण अंधार करायचा, शटर एक सेकंद उघडं ठेवायचं आणि थेंब आदळायच्या वेळी फ्लॅश उडवायचा. उरलेल्या वेळात अंधार असल्यामुळे सेन्सरवर काही नोंदलंच जात नाही. फोटोचा वेळ शटर ठरवत नाही, फ्लॅश ठरवतो. नवीन मुलं बहुतेक वेळा इथेच पैसे चुकीच्या ठिकाणी घालतात. महाग कॅमेऱ्याच्या मागे लागतात. जुना कॅमेरा, एक मॅक्रो लेन्स आणि ताकद हाताने कमी करता येणारा फ्लॅश एवढ्यावर सुरुवात होते.

मांडणी

थेंब सोडायला मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा. त्याची चकती फिरवून थेंबांचा वेग कमी-जास्त करता येतो. थेंब केवढा आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. 100 थेंब एका हलक्या भांड्यात धरा आणि लॅबच्या तराजूवर वजन करा. वजन 1.41 ग्रॅम भरलं, तर एक थेंब 14.1 मायक्रोलिटरचा, म्हणजे व्यास 3 मिलिमीटर.

फ्लॅश नेमक्या वेळी उडायला हवा. त्यासाठी थेंबाच्या वाटेत एक छोटा लेसर आणि समोर प्रकाश ओळखणारा सेन्सर लावतात. थेंबाने लेसर अडवला, की आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड ठरावीक वेळ थांबून फ्लॅश उडवतो. इथे एक मिलिसेकंदाची चूक झाली, तर थेंब 2.4 मिलिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे जवळपास स्वतःच्या व्यासाएवढा. लेसर जितका पृष्ठभागाच्या जवळ, तितकी ही चूक कमी.

प्रकाश समोरून टाकला, तर थेंबावर चकाकीचे डाग येतात. मोजमाप करायचं असेल तर फ्लॅश थेंबाच्या मागे ठेवा आणि मध्ये बटर पेपर लावा. थेंब स्वतःच भिंगासारखा असल्यामुळे कडेचे किरण वळून बाहेर जातात आणि कड काळी, ठसठशीत उमटते. ती मोजायला सोपी.

मॅक्रोची अडचण निराळीच आहे. वस्तू जेवढी तेवढीच सेन्सरवर आणली आणि एफ/11 ठेवलं, तर स्पष्ट दिसणारी जाडी सुमारे एक मिलिमीटर. थेंब त्याच्या तिप्पट. छिद्र आणखी बारीक करून ही जाडी वाढते खरी, पण मग प्रकाशाचं विवर्तन आड येतं आणि सगळाच फोटो थोडा मऊ होतो. म्हणजे एक गोष्ट कमावताना दुसरी जाते. आपल्याला काय मोजायचं आहे, हे आधी ठरलेलं असलं तरच यातून मार्ग निघतो. फोकस जिथे धरला त्याच जागी स्टीलची पट्टी ठेवून एक फोटो न विसरता घ्या. तो नसेल, तर बाकीच्या सगळ्या फोटोंमधून एकही मोजमाप काढता येणार नाही.

टेबलावरचा थेंब म्हणजे पाऊस नव्हे

इंटरनेटवर दिसणारे थेंबाचे छत्रीसारखे, फुलांसारखे आकार सुंदर असतात. त्यातल्या बऱ्याचशांत एका थेंबामुळे वर उसळलेल्या खांबावर दुसरा थेंब आदळवलेला असतो. पाणी घट्ट व्हावं म्हणून त्यात ग्वार गम घातलेला असतो, कधी दूध असतं. छंद म्हणून उत्तम. पण तो पावसाचा फोटो नाही.

माझा 30 सेंटीमीटरवरून पडणारा थेंबही पाऊस नाही. 3 मिलिमीटरचा पावसाचा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 8 मीटरच्या आसपास असतो. थेंब किती जोराने फुटेल हे सांगायला वेबर अंक वापरतात. थेंबाच्या गतीचा जोर आणि त्याला एकत्र धरून ठेवणारा पृष्ठताण यांचं ते गुणोत्तर. माझ्या टेबलावर तो सुमारे 245 येतो, पावसात सुमारे 2,650. जवळपास 11 पट फरक. त्या वेगाच्या जवळ पोचायलाही थेंब दहाएक मीटर उंचीवरून सोडावा लागतो. म्हणून अशा प्रयोगासाठी जिन्याची मोकळी जागा शोधत फिरणारे विद्यार्थी दिसले, तर हसू नका.

यावर उलटा उपायही आहे, आणि तो आपल्या पुण्यात केला गेला आहे. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, उभा वायुबोगदा आहे. खालून वर वाहणाऱ्या हवेचा वेग थेंबाच्या पडण्याच्या वेगाएवढा ठेवला, की थेंब एका जागी तरंगत राहतो. कामरा, भालवणकर आणि साठे यांनी अशा तरंगत्या, विद्युतभार असलेल्या आणि नसलेल्या थेंबांच्या फुटण्यावरचा अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध केला. पडणाऱ्या मोठ्या थेंबाचा आकारही आपण चित्रात काढतो तसा टोकदार नसतो. तो खालून चपटा आणि वरून गोलसर असतो.

वर्दिंग्टन काय करत होते

आता चुकीकडे येतो. आधी दुसऱ्याची, मग माझी.

आर्थर वर्दिंग्टन हे इंग्लंडमधले भौतिकशास्त्राचे शिक्षक. 1870 च्या दशकात त्यांनी आदळणाऱ्या थेंबांचा अभ्यास सुरू केला. फोटो घेण्याची सोय तेव्हा नव्हती. अंधाऱ्या खोलीत थेंब पडायचा, नेमक्या क्षणी विजेची ठिणगी चमकायची, आणि डोळ्यांत राहिलेली प्रतिमा विरायच्या आत ते चित्र काढायचे. पुन्हा थेंब, ठिणगी थोडी उशिरा, पुन्हा चित्र. अशी त्यांनी पूर्ण मालिका जमवली. चित्रांतले मुकुट अगदी देखणे होते, सगळीकडून सारखे, समान अंतरावर टोकं असलेले.

1894 मध्ये त्यांना ठिणगीच्या उजेडात खरे फोटो घेता आले. फोटोतले मुकुट वाकडे होते. एका बाजूला उंच, दुसरीकडे तुटलेले, टोकं कमी-जास्त. तेव्हा त्यांना आपलीच जुनी चित्रं पुन्हा तपासावी लागली. वाकडे थेंब आधीही दिसले होते, काही वहीत उतरलेही होते. पण ‘हा थेंब बिघडला’ असं समजून ते बाजूला पडत होते आणि छापायला जात होते ते नीटस. त्यांनी हे लपवलं नाही, सांगितलं. नंतर 1908 मध्ये ‘अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस’ हे पुस्तक आलं. थेंबाच्या आघातानंतर वर उसळणाऱ्या खांबाला आजही वर्दिंग्टनचं नाव आहे.

मी ही गोष्ट वाचली होती. वाचून ‘बरोबर आहे’ म्हटलंही होतं. तरी महिनाभर मी तेच केलं.

काळी माती चाळून, ओली करून, थाळीत सपाट पसरायचो. थेंब सोडायचो. फोटोत मुकुट गोल आला की ठेवायचो. ढेकळाच्या कडेला थेंब पडला, थाळी थोडी कलली, मुकुट एकाच बाजूला फेकला गेला, की डिलीट. मेमरी कार्डही लहान होतं, हे एक निमित्त. मग निवडक फोटो घेऊन गाइडकडे गेलो. मॅडमनी फोटो पाहिलेच नाहीत, फाइलचे नंबर पाहिले. 4 नंतर एकदम 19. 19 नंतर 31. म्हणाल्या, “मधले कुठे आहेत?”

मी म्हणालो, “ते बिघडले होते, मॅडम.”

“कोण बिघडलं होतं? थेंब की माती?”

उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. विचार करा, मुकुट सगळीकडून अगदी सारखा असेल, तर जितकी माती पूर्वेला उडते तितकीच पश्चिमेला उडते. बेरीज शून्य. रान जागच्या जागी राहतं. माती खरोखर सरकते ती मुकुट कलतो तेव्हा. उतारावर खालच्या बाजूला जास्त माती उडते आणि लांब जाऊन पडते. म्हणजे धूप ज्या फोटोंत होती, नेमके तेच मी पुसले होते. ते परत आले नाहीत. सगळे प्रयोग पुन्हा केले, या वेळी थाळी मुद्दाम कलती ठेवून आणि ढेकळं न फोडता.

तुम्ही सुरू कराल तेव्हा

एक लक्षात ठेवा. फ्लॅशने घेतलेला प्रत्येक फोटो वेगळ्या थेंबाचा असतो. ‘थेंब आदळला, मुकुट उठला, मग खड्डा झाला, मग खांब उसळला’ ही मालिका आपण वेगवेगळ्या थेंबांवरून जुळवतो. सेकंदाला हजारो चित्रं घेणारा हायस्पीड कॅमेरा असेल तर एकाच थेंबाची गोष्ट मिळते, पण तो प्रत्येकाच्या नशिबी नसतो. आपल्या मालिकेवर कोणी विश्वास ठेवावा, तर एकाच वेळेचे, एकाच उंचीचे बरेच थेंब घेऊन ते एकमेकांपासून किती वेगळे निघतात हे दाखवावं लागतं.

म्हणून प्रयोग सुरू करायच्या आधीच वहीत लिहा, कोणता फोटो कशामुळे बाद धरायचा. फ्लॅश उडाला नाही, थेंब चौकटीबाहेर गेला, ही कारणं चालतात. ‘नीट आला नाही’ हे कारण चालत नाही. बाद फोटोही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि किती होते ते प्रबंधात लिहा. थेंबाचं वजन, उंची, मातीचा ओलावा, थाळीचा उतार आणि खोलीचं तापमान त्याच दिवशी नोंदवा, रविवारी आठवून नको.

आणि कार्ड मोठं घ्या. पुढच्या लेखात फोटोतून मोजमाप कसं काढायचं ते बघू, इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर वापरून. तोवर पाऊस आलाच, तर घराच्या भिंतीवर शिंतोडे किती उंच गेलेत ते टेपने मोजून ठेवा. कुठल्या दिशेच्या भिंतीवर जास्त आहेत, तेही लिहा.