खेळ रचणारे हात आणि मालकीचा प्रश्न

व्हिडिओ गेम हा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित माणूस नाक मुरडतो. पोरांचा अभ्यास बुडविणारे खूळ, एवढे बोलून तो विषय संपवतो. परंतु या खुळाची वार्षिक उलाढाल आज जगभरच्या चित्रपटगृहांतील तिकीटविक्रीच्या कितीतरी पट आहे. लाखो माणसे या धंद्यात राबतात. जेथे एवढा पैसा आणि एवढे श्रम आहेत, तेथे पैसा कोणाच्या खिशात जातो आणि श्रम कोणाच्या नावावर जमा होतात, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्यासाठी बड्या कंपन्यांकडे पाहण्याची गरज नाही. एखाद्या खोलीत बसून एक-दोन किंवा दहा माणसांनी रचलेले आणि कोट्यवधींनी विकत घेतलेले काही खेळ आहेत. त्यांच्याकडेच पाहिले पाहिजे. प्रस्थापित प्रसारमाध्यमे या खेळांची गोष्ट जिद्द आणि प्रतिभेची परीकथा म्हणून सांगतात. जिद्द खरी आहे, प्रतिभाही खरी आहे. परंतु यश आल्यानंतर काय झाले, हे ही माध्यमे क्वचितच सांगतात.

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत लहान मंडळींना या बाजारात शिरताच येत नव्हते. खेळ डिस्कवर किंवा कार्ट्रिजवर छापावा लागे, दुकानाच्या फळीवर मांडावा लागे, जाहिरात करावी लागे. हा खर्च प्रकाशक कंपनी करी आणि त्या बदल्यात बहुधा खेळाचे नाव, पात्रे, पुढचे भाग असे सगळे हक्क लिहून घेई. रचणारा पगारी नोकर आणि मालक दुसराच! इंटरनेटवरून खेळ थेट विकता येऊ लागला तेव्हा ही मक्तेदारी ढिली झाली. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीचे 'स्टीम' हे ऑनलाइन दुकान २००३ मध्ये सुरू झाले आणि २००५ पासून तेथे इतरांचेही खेळ मिळू लागले. खेळ बांधण्याचे 'युनिटी' नावाचे सॉफ्टवेअर २००९ पासून मोफत रूपातही उपलब्ध झाले. म्हणजे अवजार हाती आले आणि बाजाराचे दारही किलकिले झाले.

त्याच २००९ साली स्टॉकहोममध्ये मार्कुस पर्सन या प्रोग्रामरने 'माइनक्राफ्ट' हा ठोकळ्यांचा खेळ अर्धवट अवस्थेतच लोकांसमोर ठेवला आणि त्याच अवस्थेत तो विकायलाही सुरुवात केली. प्रकाशक नाही, दुकान नाही. खेळणाऱ्यांच्या पैशांवरच खेळ पुरा होत गेला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये तो पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. परंतु त्याआधीच, २०१४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने पर्सनची मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली होती. तिघे संस्थापक पैसे घेऊन बाहेर पडले. लहान माणसाने बड्यांना हरवले, असे ज्या गोष्टीबद्दल सांगितले जाते, तिचा शेवट हा असा आहे.

सगळ्यांनीच विकले असे नाही. अमेरिकेतील सिएटलचा एरिक बॅरोन २०११ मध्ये संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडला. नोकरी मिळेना, म्हणून हात बसावा यासाठी त्याने शेतीचा एक खेळ करायला घेतला. चित्रे, संगीत, कथा, प्रोग्रामिंग, सगळे एकट्याने! साडेचार वर्षे तो या कामात होता. मधल्या काळात एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याची अर्धवेळ नोकरी त्याने केली आणि घर मुख्यतः त्याच्या सहचारिणीच्या कमाईवर चालले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'स्टारड्यू व्हॅली' प्रसिद्ध झाला आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती खपल्या. सुरुवातीला दुसऱ्याकडे असलेले प्रकाशनही बॅरोनने पुढे स्वतःकडे घेतले. खेळात नवनवी भर तो आजवर फुकट देत आला आहे.

या कथेत त्या सहचारिणीचे नाव सहसा एका ओळीत उरकले जाते. साडेचार वर्षे कोणीतरी दोन वेळच्या जेवणाची सोय केली म्हणून ही प्रतिभा फळाला आली. ज्याच्या घरात अशी सोय नाही, त्याने काय करायचे?

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील टीम चेरी या दोन-तीन जणांच्या मंडळीने २०१४ मध्ये चक्क वर्गणी मागितली. किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांनी सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दिले आणि त्या पैशांतून 'हॉलो नाइट' हा खेळ २०१७ मध्ये उभा राहिला. त्याचा पुढचा भाग ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला, तेव्हा खरेदीदारांच्या गर्दीने स्टीमसह अनेक बड्या कंपन्यांची ऑनलाइन दुकाने काही काळ बंद पडली. किंमत फक्त २० डॉलर होती. परंतु वर्गणी मागितली की मिळतेच असे नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान स्टुडिओने २०१७ मध्ये याच किकस्टार्टरवर मदत मागितली होती, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरीही ही मंडळी थांबली नाहीत आणि त्यांचा 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध झाला.

मग बाजाराचे दार सर्वांना खुले झाले, असे म्हणायचे का? दार आहे, पण दारात जकातनाका आहे. स्टीम विक्रीतील ३० टक्के रक्कम कापून घेते. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॉल्व्हने नवा नियम जाहीर केला. ज्याच्या खेळाची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे जाईल, त्याच्याकडून त्यापुढील विक्रीवर २५ टक्के. ५ कोटींच्या पुढे २० टक्के. म्हणजे ज्याची कमाई मोठी, त्याला सवलत. आणि ज्याचे पोट हातावर, त्याच्याकडून पुरते ३०! आयकराच्या पायऱ्या आपल्याला ठाऊक आहेत. येथे त्या उलट्या लावल्या आहेत. एकट्या २०२४ साली स्टीमवर १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. त्यांपैकी बहुतेकांची नावेही कोणाच्या कानावर आली नाहीत. यशाच्या कथा वाचताना हा आकडा शेजारी ठेवूनच वाचाव्यात.

अवजाराचेही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी कंपनीने जाहीर केले, की ठराविक मर्यादेपुढे खेळ जितक्या यंत्रांवर उतरवला जाईल तितक्यांदा निर्मात्याने आकार भरावा. नांगर मोफत दिला आणि पीक उभे राहिल्यावर प्रत्येक कणसामागे खंड मागितला, असाच हा प्रकार. जगभरचे लहान निर्माते एकत्र येऊन विरोधात उभे राहिले. कंपनीने आधी अटी सौम्य केल्या आणि वर्षभराने तो आकारच रद्द केला.

या सगळ्यात आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे उदाहरण फ्रान्समधील बोर्दो शहराचे आहे. मोशन ट्विन हा तेथील स्टुडिओ २००१ पासून चालतो आणि तो कामगारांची सहकारी संस्था आहे. सहकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना, त्याचा चेअरमन आणि चेअरमनची गाडी उभी राहते. येथे तसे नाही. फ्रान्सच्या कायद्यानुसार अशा संस्थेत किमान ५१ टक्के भांडवल आणि ६५ टक्के मते काम करणाऱ्या सभासदांकडेच असावी लागतात. भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. सभासद बाहेर पडला तर त्याला भागाची दर्शनी किंमत परत मिळते, वाढीव भाव नाही. नफ्यातून साठवलेला राखीव निधी वाटून घेता येत नाही. त्यामुळे कोणी अडीच अब्ज डॉलर घेऊन दारात आला, तरी दोन-तीन संस्थापकांनी सही करून पैसे घेऊन निघून जावे, अशी सोयच त्या रचनेत नाही. मोशन ट्विनने कायद्याच्याही एक पाऊल पुढे जाऊन सर्वांचा पगार समान ठेवला. बॉस कोणीच नाही. राजकारणात एक व्यक्ती, एक मत आणि आर्थिक जीवनात मात्र विषमता, ही विसंगती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दाखवून दिली होती. कामाच्या जागीही एक व्यक्ती, एक मत चालू शकते काय, याचे हे एक छोटेसे पण प्रत्यक्ष उत्तर आहे.

ही मंडळी आधी फ्रेंच लोकांसाठी इंटरनेटवरचे साधे खेळ करीत. लोक मोबाइलकडे वळले तसा तो धंदा बसला. तेव्हा जेमतेम दहा जणांनी 'डेड सेल्स' हा खेळ करायला घेतला. २०१७ मध्ये तो अर्धवट रूपात विक्रीला आला, ऑगस्ट २०१८ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट ॲक्शन खेळाचा मान त्याने बड्या कंपन्यांच्या नाकावर टिच्चून मिळविला आणि २०२३ पर्यंत १ कोटी प्रती विकल्या.

अर्थात तेथे सगळे गोडीगुलाबीने चालले असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. सर्वांनी मिळून ठरवायचे तर माणसे मोजकीच हवीत. संस्था वाढवायची नाही असे त्यांनी ठरविले. मग गाजलेल्या खेळाची देखभाल करायची कोणी? २०१९ मध्ये ते काम एव्हिल एम्पायर या नव्या कंपनीकडे देण्यात आले. ती मोशन ट्विनमधूनच बाहेर पडलेल्या सहकाऱ्याने काढली, पण तिची घडण नेहमीच्या कंपनीसारखी. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये या खेळात यापुढे नवी भर घालायची नाही असा निर्णय जाहीर झाला, तेव्हा खेळाच्या मूळ रचनाकारानेच, जो तोवर संस्था सोडून गेला होता, मोशन ट्विनवर जाहीरपणे कडक टीका केली. समान मताची संस्थाही बाहेरच्यावर अन्याय करू शकते, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. ही टीका झटकून टाकण्यासारखी नाही.

तरीही दुसरीकडे काय घडले ते पाहावे. एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथे लेखक-चित्रकारांचा झाउम नावाचा एक फाटका गट होता. त्यातील रॉबर्ट कुर्वित्स याची कादंबरी २०१३ मध्ये निघाली. जेमतेम हजारभर प्रती खपल्या. त्याच कादंबरीच्या जगावर या गटाने 'डिस्को इलिझियम' हा खेळ रचला. त्यासाठी बाहेरून भांडवल घेतले, कंपनी काढली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या या खेळात मारामारी जवळजवळ नाही. स्मृती गेलेला एक दारुडा पोलीस, उद्ध्वस्त झालेली बंदरवस्ती आणि गोदी कामगारांचा संप, एवढ्यावर दहा लाख शब्दांचा संसार! त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये त्याने चार पुरस्कार मिळविले आणि त्याच्या निर्मात्यांनी मंचावरून मार्क्स आणि एंगल्स यांचे आभार मानले.

दोन वर्षे उलटली आणि २०२१ च्या अखेरीस कुर्वित्ससह तीन प्रमुख निर्माते कंपनीबाहेर होते. जगाला हे कळले ऑक्टोबर २०२२ मध्ये. कंपनी म्हणाली, गैरवर्तनामुळे काढले. निर्माते म्हणाले, बहुसंख्य भाग लबाडीने मिळविले गेले. कंपनीने तो आरोप फेटाळला. प्रकरण एस्टोनियाच्या न्यायालयात गेले. खरे-खोटे काहीही असो, खेळाचे नाव, त्यातील शहर आणि माणसे यांवरचा हक्क कंपनीकडे राहिला. ज्याच्या डोक्यातून ते जग निघाले, तो त्या जगाबाहेर!

फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने एक नवा खेळ रद्द केला आणि सुमारे एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांना घरी बसवण्याचे ठरविले. त्यानंतर तिच्या ब्रिटनमधील कर्मचाऱ्यांनी संघटना बांधली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या संघटनेला कंपनीची मान्यता मिळाली. आता पगार, रजा आणि कामावरून कमी करण्याच्या अटी यांवर कंपनीला त्यांच्याशी वाटाघाटीला बसावे लागेल. भाग मात्र आजही मालकांकडेच आहेत.