थंडींतील पिकअपच्या स्टिअरिंगचा आवाज व थरथर

आंबिया बहाराचीं संत्रीं कळमन्याच्या बाजारांत पोंचविण्यासाठीं काटोल-नरखेडकडील आमचे पुष्कळ बागाईतदार बंधु पहांटेसच पिकअप काढतात. नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा गारठ्यांत स्टिअरिंग वळवितांच गाडी कण्हूं लागते, आणि उन्हें वर आल्यावर मिस्त्रीकडे न्यावी तों आवाज नाहींसा! मालक निश्चिंत होतो. आम्हांस ही निश्चिंतता धोक्याची वाटते. गाडी आदल्या रात्रींच मिस्त्रीकडे ठेवावी व परीक्षा पहांटे करवावी.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगचें तेल थंडीनें दाट होतें व तें ओढणें पंपास जड जातें. म्हणून एंजिन सुरू होतांच उठणारी व एक-दोन मिनिटांत विरणारी घरघर विशेष चिंतेची नव्हे. ती दिवसेंदिवस लांबत असेल, तर तेलाची पातळी पाहावी. तेलांत फेंस दिसल्यास कोठून तरी हवा शिरत आहे. बहुधा टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीची पकड सैल असते. पूर्ण वळवितांना किंकाळी निघते ती पट्ट्याची. तेल मात्र गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलेंच घालावें, दुकानदार पुढें करील तें नव्हे. विजेच्या मोटरीवर चालणाऱ्या स्टिअरिंगला यांतील कांहींच लागू नाहीं.

थरथरीची गोष्ट निराळी. भरलेली गाडी रात्रभर उभी राहिली कीं टायर खालून चपटा होतो. ती थरथर पहिल्या कांहीं किलोमीटरांतच जाते. हवेचा दाबहि दहा अंशांमागें सुमारें दोन पौंड उतरतो. तो निघण्यापूर्वींच मोजावा. परंतु साठ-ऐंशीच्या वेगास येणारी व न जाणारी थरथर बहुधा चाकाच्या तोलाची. आपल्याकडील काळी माती रिमच्या आंत वाळून बसली तरी तोल बिघडतो; तेव्हां पैसे खर्चण्याआधीं चाकें आंतून धुवून पाहावीं.

खरें भय आहे तें ठोक्याचें. खड्ड्यांत किंवा वळणावर ‘ठक्’ असा आवाज येऊन स्टिअरिंग हातांत पोकळ लागत असेल, तर टाय रॉडचा वा बॉल जॉइंटचा सांधा झिजला असल्याचा संशय घ्यावा. सांधा निखळला कीं चाक स्टिअरिंगचें ऐकत नाहीं. गाडी सपाटीवर उभी करून एकानें स्टिअरिंग थोडें डावें-उजवें हलवावें व दुसऱ्यानें बाहेरूनच, विजेरीच्या उजेडांत, सांध्याकडे पाहावें. सांध्यांत खेळ दिसला तर त्या दिवशींचीं संत्रीं शेजाऱ्याच्या गाडींत घालावीं आणि मिस्त्रीस घरीं बोलवावें.