अंगणात युक्का लावताना

घरापुढे शोभेचे झाड असावे ही हौस कोरडवाहू भागातील शेतकऱ्यासही असते. परंतु उन्हाळ्यात जेथे पिण्याचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, तेथे गुलाब-मोगऱ्याच्या बुडाशी घागर रिकामी करणे परवडत नाही. अशा अंगणास युक्का हे झाड उत्तम होय. ते मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील. आता ते आपल्याकडील रोपवाटिकांतही मिळते.

दिसावयास ते घायपाताचे भावंड वाटते आणि तेथेच पुष्कळांची फसगत होते. घायपातास आयुष्यात एकदाच फुलांचा दांडा येतो व त्यानंतर ते मरते. युक्काचे तसे नाही. पांढऱ्या, घंटेसारख्या फुलांचा तुरा वाळला म्हणजे झाड संपले, असे समजून काही जण ते उपटून टाकतात. वास्तविक वाळलेला दांडा तेवढा बुडाशी कापावा; बाजूने नवे शेंडे फुटून झाड पुढेही फुलते.

युक्का मारावयाचाच असेल तर त्यास रोज पाणी घालावे! काळ्या भारी जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, बुंधा मऊ पडतो व मग उपाय उरत नाही. अशा ठिकाणी मुरूम व जाड वाळू मिसळून वीतभर उंच ओटा करावा. मुरमाड जमिनीत एवढा खटाटोप नको. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी द्यावे, पुढे महिन्यातून एक-दोनदा पुरते. ऊन मात्र भरपूर हवे.

बियांची वाट पाहू नये. या फुलांचे परागीकरण करणारा पतंग अमेरिकेतला आहे. त्यामुळे बहुतेक जातींना येथे बी धरत नाही. बुंध्यालगतचे फुटवे काढून ४-५ दिवस सावलीत ठेवावे व काप सुकल्यावरच लावावे.

एक गोष्ट कार्यकर्त्यांनी रोप देण्यापूर्वीच सांगावयास हवी. युक्का ॲलोईफोलिया या जातीच्या पानांची टोके सुईसारखी कठीण असतात आणि झाड लहान असताना ती नेमकी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. ही जात वाटेपासून निदान २ मीटर दूर, कुंपणालगतच लावावी. दाराजवळ हवे असेल तर युक्का एलेफंटिपेस ही मऊ टोकाची जात घ्यावी. टोकदार झाड आधीच दारात असेल, तर प्रत्येक पानाचे टोक बोटाच्या पेराएवढे कात्रीने छाटावे. त्याने झाडास अपाय होत नाही. पानांत सॅपोनिन असते, म्हणून छाटलेली पाने जनावरांपुढे टाकू नयेत.